फोटो क्रमांक एकतीस

ऑर्डरचा मेसेज आला की दीपमाला आधी नाव वाचत नसे. किती किलो शेवया, किती कुरडया, तेही नाही. अंगठ्याने मेसेज वर सरकवायची आणि सगळ्यात खालचा आकडा बघायची. चार. एकोणीस. सत्तावीस. आकडा एकतीस नसला की श्वास सोडायची आणि मग ऑर्डर कोणाची आहे ते वाचायची. त्या एप्रिलात तिने असे किती दिवस काढले, ते तिला तोंडपाठ आहे. तिची भूक गेली. तव्यावर पोळ्या करपल्या. मागून कोणी हाक मारली तरी हातातलं भांडं खाली पडायचं.

एरवी ती घाबरणारी बाई नव्हती. अमडापूरला तिच्या वडिलांची वांग्या-मिरच्यांची शेती. तिथून ती रोज एसटीने चिखलीच्या कॉलेजात जायची. बी.कॉम. झाली, कम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्न होऊन धामणगाव बढ्याला आली. नवरा शेखर पिठाची गिरणी चालवतो. सासू पुष्पाबाई बारा बायकांच्या गटाची अध्यक्ष. उन्हाळा लागला की गटाच्या हॉलमध्ये शेवया, कुरडया, पापड, बाजरीच्या खारोड्या यांची धांदल सुरू होते, कारण लग्नसराईत रुखवतावर घरच्या शेवया मांडायला सगळ्यांना हव्या असतात आणि करायला कोणाला वेळ नसतो. चार वर्षं दीपमाला हा सगळा हिशेब वहीत लिहीत होती. मग व्हिडिओ बघून बघून तिने गटाची वेबसाइट बनवली. पान उघडायचं, काय हवं ते निवडायचं, बटण दाबलं की ऑर्डर दीपमालाच्या व्हॉट्सअॅपवर.

गटात भांडण झालं ते पानामागच्या फोटोवरून. पान उघडलं की अक्षरांच्या मागे पडदाभर एक फोटो दिसायचा. पहिल्यांदा तिने गटातल्या मनकर्णाबाईंचा लावला, शेवया वाळत घातलेल्या काडीजवळ उभ्या असलेल्या. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये तिघींनी पीठच भिजवलं नाही.

"मनकर्णाबाईचंच तोंड गोरं हाये, आम्ही काय तव्याच्या बुडाशी बसतो?" एक म्हणाली.

"ज्या वाकून वाकून मेल्या त्यायचा फोटो नाही, अन् ज्या उभ्या राह्यल्या त्यायचा हाये," दुसरी.

दीपमालाने यावर उपाय काढला. बारा जणींचे बारा फोटो टाकले आणि कम्प्युटरला सांगितलं, कोणीही पान उघडलं की यातला एक उचल, कोणताही. बायकांना ते समजावून सांगायला तिला एक वाक्य पुरलं.

"भिशीची चिठ्ठी असते नं, तसं. प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी. कोनाचं नाव निघीन ते माह्या हातात नाही."

भिशी सगळ्यांना कळत होती. भांडण मिटलं. पण बारा फोटो फोनवर काढलेले, जसेच्या तसे टाकलेले, एकेक पाच-सहा एमबीचा. गावात नेटवर्क आज आहे तर उद्या नाही. पान उघडलं की आधी पांढरं, मग फोटो वरून खाली असा हप्त्याहप्त्याने उतरायचा. आधी छत, मग कपाळ, मग नाक.

"कायचं दुकान हाये वं तुहं?" पुष्पाबाई म्हणाल्या. "उघडते उघडते म्हनते अन् उघडतच नाही. तवापर्यंत गिऱ्हाईक जेवून, हात धुवून झोपते."

सासूचा टोमणा दीपमालाला लागला. शिवाय आकड्यांवरून तिला दिसतही होतं की शंभर लोक लिंक दाबतात आणि साठ जण फोटो पुरता दिसायच्या आत निघून जातात. मार्चअखेरीला ती कामाला लागली. फोटो हलके कसे करायचे ते शिकली. फोल्डर दिलं की त्यातले सगळे फोटो एका दमात लहान करून, त्यांना नंबर देऊन, त्यांची यादीही आपणच बनवणारं एक साधन तिला सापडलं. पाच एमबीचा फोटो शंभर केबीवर आला आणि डोळ्यांना फरक कळेना. मग तिने आणखी दोन गोष्टी केल्या. माणूस पहिला फोटो बघत असतानाच बाकीचे फोटो मागच्या मागे त्याच्या फोनमध्ये उतरतील अशी सोय केली. आणि फोनला सांगितलं, हे पान, ही यादी, हे फोटो, सगळं तीस दिवस तुझ्याकडेच ठेव; दरवेळी मला विचारायला येऊ नकोस. कुठे अडतंय ते कळावं म्हणून प्रत्येक ऑर्डरच्या तळाशी एक ओळही जोडली. कोणता फोटो होता आणि पान किती वेळात उघडलं.

सोमवारी दुपारी तिने लिंक दाबली आणि पान डोळा मिटायच्या आत उघडलं. दीड सेकंद. दुसऱ्यांदा एक सेकंद. ती एकटीच हसली. ओळीने सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली. मोताळा, बुलढाणा, मलकापूर, माहेरचा ग्रुप, कॉलेजचा ग्रुप. फोटो काही तिने उघडून पाहिले नाहीत. फोटो तर तेच होते.

फोटो तेच नव्हते.

मयुरी ही मनकर्णाबाईंच्या बहिणीची मुलगी. दिवाळीनंतर एका पिशवीनिशी मावशीकडे आली, ती राहिलीच. डाव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा पट्टा होता. स्वयंपाकात भाजतं तसा तो नव्हता, इतपत त्या बारा बायकांना न सांगता कळलं. नवरा धाडचा, कुलदीप. बाहेर जाताना दाराला बाहेरून कडी लावून जायचा, एवढंच ती एकदा बोलली. तिच्या आई-वडिलांनी सगळीकडे सांगितलं होतं की मुलगी सुरतला कोणाच्या तरी ओळखीने कामाला गेली. कुलदीप सुरतला जाऊन आठ दिवस शोधून आला होता; या मावशीची धाडला कोणाला ओळख नव्हती. हेही गटात सगळ्यांना माहीत होतं आणि गटाबाहेर एकीनेही ते नेलं नव्हतं. ज्या बायका फोटोवरून पीठ भिजवायचं सोडतात, त्यांनी हे पाच महिने पोटात ठेवलं होतं.

हॉलमध्ये मयुरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायची. फेब्रुवारीत दीपमाला फोटो काढत होती तेव्हा मागे मागे आली.

"वहिनी, माहा फोटो टाकू नोका. कुठंच."

"नाही टाकत."

"तो पाहीन तं येईन. येईन म्हनजे येईनच."

"तुहा एकही नाही टाकत. वचन," दीपमाला म्हणाली.

आणि तिने पाळलं होतं. बारा फोटो एकेक करून निवडले होते. पण काढलेले होते त्रेचाळीस. त्यातल्या एकात पुष्पाबाई हसत होत्या, दात दाखवून, डोळे बारीक करून. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासूला असं हसताना दीपमालाने पाहिलं नव्हतं. मागे सोऱ्या हातात धरून मयुरी बसलेली, तीही हसत वर बघणारी, आणि तिच्या डोक्यावर भिंतीवर रंगवलेलं गटाचं नाव, गाव, तालुका. मयुरीला कापून सासूबाईंचा तेवढा फोटो मोठा करून घ्यावा, फ्रेम करावा, असं दीपमालाच्या मनात होतं. म्हणून तो तिने पुसला नाही. तो त्याच फोल्डरमध्ये राहिला. आणि त्या सोमवारी तिने साधनाला बारा फोटो न देता अख्खं फोल्डर दिलं. बारा चिठ्ठ्यांच्या डब्यात त्रेचाळीस चिठ्ठ्या पडल्या.

हे कळलं गुरुवारी. दुपारची वेळ, हॉलमध्ये पापड लाटणं चालू. पुष्पाबाई आपला फोन घेऊन दीपमालाकडे आल्या. ओठ दाबून हसत होत्या.

"पाह्य. निघाली माही चिठ्ठी."

दीपमालाने पाहिलं. सासू हसत होती. मागे मयुरी हसत होती. खाली कोपऱ्यात साधनाने दिलेला नंबर, बारीक अक्षरांत ३१. डोकं वर केलं तर पाच हातांवर खरी मयुरी पिठाचे गोळे करत बसली होती.

"काऊन, चांगला नाही आला?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"लय चांगला आला, आई," दीपमाला म्हणाली आणि घराकडे पळाली.

लॅपटॉप उघडून तिने फोटो काढून टाकला. यादी बदलली. जादाचे एकतीस फोटो गेले, बारा राहिले. मग स्वतःच्या फोनवर ग्रुपमधली लिंक दाबली. आठव्यांदा दाबली तेव्हा पुष्पाबाई पुन्हा हसल्या. मागे मयुरी.

तेव्हा तिला कळलं की आपण काय करून बसलो आहोत. फोन तिला विचारायलाच येत नव्हता. तिनेच त्याला सांगितलं होतं, येऊ नकोस म्हणून. तिने इथे काहीही पुसलं तरी त्या तीन दिवसांत ज्या ज्या फोनवर पान उघडलं, त्या प्रत्येकात जुनी यादी आणि त्रेचाळीस फोटो बसलेले होते. तिने आकडा पाहिला. तीनशे बारा फोन. कोणाचे, ते माहीत नाही. ज्याने एकदाच उघडून सोडून दिलं असेल त्याला कदाचित कधीच दिसणार नाही. जो पुन्हा उघडेल त्याला कोणता निघेल ते कोणाच्याच हातात नाही. आणि हे तीस दिवस चालणार.

शेखर गिरणीतून जेवायला आला. भुवयांवर पीठ तसंच.

"काढून टाकला नं? मंग झालं."

"झालं नाही. लोकांच्या फोनमधून निघत नाही तो."

"अरे, कोन पाहून राह्यलं मागं कोन बसलं ते? लोक शेवयाइचा भाव पाह्यतेत." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "उगाच आईले सांगू नको. पोरीलेही नको. घाबरून जाईन ते."

तिला तेच हवं होतं. कोणीतरी म्हणावं, सांगू नको. पुढे तिने हे वाक्य रोज वापरलं.

तिला एकच मार्ग सापडला. पान बोटाने खाली ओढून ताजं केलं तर फोन नव्याने विचारायला येत होता आणि नवी यादी घेत होता. पण लोकांना ओढा असं कशासाठी सांगायचं? तिने सगळ्या ग्रुपवर लिहिलं, "नाचणीचे पापड सुरू केले आहेत. दिसत नसतील तर पान खाली ओढून ताजं करा." नाचणीचे पापड गटात कोणी कधी केले नव्हते. मनकर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. तरी एका आठवड्यात सात ऑर्डरी आल्या आणि त्या निमित्ताने काही फोन सुधारले. किती, ते कळायला मार्ग नव्हता.

रोज ऑर्डरी येत राहिल्या. अकरा. चाळीस. दोन. रविवारी मलकापूरहून एक एकतीस आला. पण ती कॉलेजमधली मैत्रीण निघाली आणि तिने पापडांशिवाय काही विचारलं नाही. दीपमाला हॉलमध्ये जायची तेव्हा मयुरीकडे बघणं टाळायची. मयुरीला ते जाणवलं.

"वहिनी, मी कायी चुकली का?"

"नाही वं. उन्हानं डोकं दुखते."

मयुरीने दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी कैरीचं पन्हं आणलं. दीपमाला ते प्यायली.

पुढच्या शनिवारी सकाळी मेसेज आला. तिने खालचा आकडा पाहिला. ३१. वेळ शून्य पॉइंट नऊ सेकंद. मग वर पाहिलं. "शेवया दोन किलो. धाड." नाव नाही.

धाड मोठं गाव आहे, ती स्वतःला म्हणाली. बाजाराचं गाव आहे. शेवया तर कोणीही घेतं. तिने गॅस बंद केला, पुन्हा पेटवला. दहा मिनिटांनी त्याच नंबरवरून दुसरा मेसेज आला.

"फोटोत मागे बसलेली बाई तुमच्या गावचीच का?"

दीपमालाने उत्तर दिलं नाही. कोणी स्थळ बघत असेल, असंही तिने मनाशी म्हणून पाहिलं. फोटो बघून लोक विचारतात, पोरगी कोणाची. हे खोटं आहे हे म्हणतानाच तिला माहीत होतं. तरी शनिवार अख्खा गेला. सासू दिवसभर समोर होती. सासूला सांगायचं म्हणजे आधी गुरुवार सांगावा लागणार, आणि गुरुवारनंतरचा एकेक दिवस. ती मयुरीसाठी भीत होती हे खरंच. पण पापडाच्या पाटांवरून बारा बायकांची तोंडं आपल्याकडे वळतील, त्याचीही तिला तेवढीच भीती होती. रात्रीची भांडी घासताना तिच्या लक्षात आलं की या दोन भीतींपैकी आपण दुसरीचं ऐकत आलो.

रविवारी दुपारी हॉलच्या मागच्या टाकीपाशी मयुरी हात धूत होती. दीपमाला तिच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि फोन पुढे धरला. सगळं एका दमात सांगितलं. मयुरीने हात पदराला पुसले, नंबर वाचला.

"हा तानुबाईचा नंबर हाये. माह्या सासूचा."

"मग तं... सासूनं मागवल्या असतीन शेवया."

"सासूले लिहिता येत नाही, वहिनी."

टाकीतून पाणी वाहत होतं. मयुरीने तोटी बंद केली.

"फोटो कवापासून हाये?"

"त्या सोमवारपासून. तेरा दिवस झाले आज."

"अन् तुम्हाले कवा कळलं?"

दीपमालाने फोन खाली केला. मग म्हणाली, "दहा दिवस झाले."

मयुरी रडली नाही, ओरडली नाही. "दहा दिवस," ती म्हणाली. "या आठ दिवसांत मी दाराकडं पाठ करून बसून राह्यली होती. मले वाटलं, आता चालते."

पुष्पाबाईंना मयुरीनेच जाऊन सांगितलं. दीपमाला दारात उभी होती. सासू आपल्यावर तुटून पडेल असं तिला वाटत होतं. तसं काही झालं नाही. पुष्पाबाईंनी लाटणं खाली ठेवलं.

"अन् मी अख्ख्या गावाले तो फोटो दाखवत फिरली," त्या म्हणाल्या. "मले काऊन नाही सांगतलं? हसत फिरली नसती."

पुढचं सगळं त्यांनी आणि मनकर्णाबाईंनी ठरवलं. हॉलचं दार लोटून घेतलं गेलं. दीपमाला आत जायला निघाली तर मयुरीनेच तिला अडवलं.

"तुम्ही बाहेर थांबा, वहिनी. कुठं चालली ते तुम्हाले सांगत नाही. राग नोका मानू. तुमच्या तोंडावर सगळं दिसते. जे माहीतच नाही ते दिसत नाही."

सोमवारी उजाडायच्या वेळी मयुरी गेली होती. पुष्पाबाई मनकर्णाबाईंना घेऊन पोलीस ठाण्यात जाऊन आल्या, दोन्ही मेसेज दाखवले. तक्रार स्वतः तिने द्यायला पाहिजे, असं तिथले हवालदार म्हणाले; तरी नाव, नंबर लिहून घेतलं.

कुलदीप आला बुधवारी, अकराच्या सुमाराला. पुष्पाबाई उडदाचं पीठ आणायला गिरणीवर गेल्या होत्या. इस्त्रीचा शर्ट, हेल्मेट हातात, कपाळावर गंध. दारातच थांबला. आत यायच्या आधी त्याने दाराबाहेर काढलेल्या चपलांच्या ओळीकडे पाहिलं, मग आतल्या बायकांकडे पाहिलं, मग पुन्हा चपलांकडे. तो मोजत होता, हे दीपमालाला कळायला एक क्षण लागला.

"ऑर्डर होती. धाडची. दोन किलो शेवया."

"या," दीपमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुसऱ्याचा वाटला. ती शेवया तोलायला लागली. बायकांची लाटणी चालू होती, पण बोलणं थांबलं होतं. त्या हॉलमध्ये लाटण्यांचा आवाज एकटा असा तिने कधी ऐकला नव्हता.

कुलदीपने फोन काढला. चारदा, पाचदा बोट आपटलं. मग फोन तिच्यापुढे धरला.

"बघा. काय पटकन उघडतं हे. आमच्याकडं टॉवर धड नाही, तरी फटकन येतं. कोणी बनवलं?"

"मी."

"हुशार आहात, ताई." त्याने दोन बोटांनी फोटो मोठा केला. पुष्पाबाई बाजूला सरकल्या. उरली मयुरी आणि तिच्या डोक्यावरचं गावाचं नाव. "चार दिवस हाच बघतोय. मध्येच दुसरे येतात. मग पुन्हा उघडायचं, पुन्हा उघडायचं. येतोच." त्याचा आवाज कुठेही चढला नाही. "ही कुठं आहे?"

"माहीत नाही."

"इथंच बसली आहे की. हीच भिंत."

"होती. आता नाही."

"कुठं गेली?"

"मले माहीत नाही."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. "खोटं बोलणारं माणूस मला कळतं, ताई. माझ्या घरात होतं एक."

दीपमालाने मान वर केली. तिने त्याला बघू दिलं. तिच्या तोंडावर जे होतं ते त्याने सगळं वाचलं असणार. भीती होती, लाज होती. पण ज्याच्यासाठी तो आला होता ते तिथे नव्हतं, कारण ते तिच्याजवळच नव्हतं.

"खरंच माहीत नाही," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंनी मान न वळवता पापड उलटला. "बाया येतेत, बाया जातेत. हजेरी नाही घेत आम्ही. शेवया घ्या अन् निघा, भाऊ. उन्ह चढून राह्यलं."

त्याने पिशवी घेतली. हेल्मेट घालता घालता म्हणाला, "येईन पुन्हा. शेवया संपल्या की."

मोटारसायकलचा आवाज लांब गेल्यावर दीपमाला मागच्या मोरीत जाऊन ओकली. शेखर गिरणीतून धावत आला तेव्हा ती टाकीला टेकून बसली होती.

"मारलं का त्यानं? काय म्हनला?"

"काही नाही. पान लवकर उघडते म्हनला."

तो पुन्हा आला. मेच्या पहिल्या आठवड्यात एकदा, नंतर एकदा. दर वेळी अर्धा-एक किलो काहीतरी घेई आणि चपला मोजी. दुसऱ्या खेपेला पुष्पाबाईंनी त्याच्यासमोरच ठाण्यात फोन लावला, तेव्हा तो हसत निघून गेला. तो येत होता म्हणजे मयुरी त्याला सापडली नव्हती. दीपमाला एवढ्याच हिशेबावर झोपत होती. तीस दिवस भरले, फोनांनी जुनं सोडून दिलं, तरी ऑर्डर आली की तिची नजर आधी खालीच जाते. वेबसाइटवर आता माणसांचे फोटो नाहीत. वाळत घातलेल्या शेवया, पाटावरचे पापड, परातीतलं पीठ. बायकांनी कुरकुर केली नाही. फोटो फोनमध्ये राहू देते, पण यादी दर वेळी इथे येऊन विचारायची, असं तिने करून ठेवलं आहे. एखादा सेकंद जास्त लागतो. प्रत्येक फोटो टाकण्याआधी ती उघडते, मोठा करते, चारही कोपरे बघते.

घरात मयुरीचं नाव निघत नाही. दीपमालाने एकदा विचारलं होतं, "बरी आहे का, तेवढंच सांगा." पुष्पाबाई पोळी लाटत होत्या. "तुले काऊन पाह्यजे?" एवढंच म्हणाल्या. रागाने नाही. दीपमालाने पुन्हा विचारलं नाही.

मेच्या शेवटी एका सकाळी पुष्पाबाईंनी एक पत्र्याचा डबा भरला. तळाला शेवया, वर कुरडया, वर कागद, कागदावर दोन नवे ब्लाउज. झाकणाला दोरी बांधली आणि म्हणाल्या, "चाल, एकीकडून धर. मले एकटीले नाही उचलत."

दोघी डबा धरून स्टँडवर गेल्या. तीन जीपा उभ्या होत्या, तिन्ही वेगवेगळ्या गावांच्या, तिन्हींचे ड्रायव्हर आपापल्या गावाचं नाव ओरडत होते. पुष्पाबाई थांबल्या. सुनेकडे पाहिलं.

दीपमालाने डबा जमिनीवर टेकवला. डबा जमिनीवर टेकवला. मग ती वळली आणि रसवंतीच्या गाडीकडे चालत गेली, पाठ जीपांकडे करून. ड्रायव्हरांचा ओरडा कानांवर येऊ नये म्हणून तिने रसवाल्याशी मोठमोठ्याने बोलायला सुरुवात केली. ऊस कुठला, बर्फ किती, लिंबू का नाही. तो बिचारा उत्तरं देत राहिला. मागे डबा टपावर चढवल्याचा आवाज आला, दार आपटलं, इंजिन सुरू झालं. जीप कोणत्या रस्त्याला लागली ते धुळीवरून कळलं असतं. धूळ बसेपर्यंत ती वळली नाही.